मागीलदारी

भाद्रपद सरताना आगरात ऊन असं पडतं
की पोफळीच्या बुंध्यावरचं शेवाळ वाफाळतं
आणि लेन्सवर आतून धुकं धरतं.
पुसायचं तर कुठून पुसायचं?
दोह्याच्या पुतण्याने दिलेला कॅमेरा.
"काका, रिटायर झालात, आता काहीतरी टिपत बसा."
चौतीस वर्षं मी धोपाव्याच्या धक्क्यावर तिकिटं फाडली.
माणसं थांबायची. रांगेत. सुटे पैसे मुठीत धरून.

फुलपाखरं थांबत नाहीत.

हळदीकुंकू रातांब्याच्या शेंड्याला,
तिथून खाली यायचं त्याला काही कारण नाही.
हबशी येतो तो नेमका उन्हाकडे पाठ करून,
फोटोत नुसतं एक काळं भोक.
आणि राणी पाकोळी
हुस्नाबींच्या गडग्यावरून येते,
काळ्या पंखांवर निळाईचा ओला हात फिरवलेला,
पेटगुळीच्या झुबक्यावर झुकते,
रस पितानाही पंख हलतेच ठेवते,
जशी लाँच इंजिन बंद न करता
धक्क्याला टेकून राहते.
मी गुडघ्यावर. बोट बटणावर.
क्लिक होतं तेव्हा झुबका तेवढा हलत असतो.

सहाशे बारा फोटो. मोजले मी.
पेटगुळी, पेटगुळी, अर्धा पंख, आभाळ,
माझा अंगठा, पेटगुळी,
दोरीवरचा माझाच बनियन, अगदी स्पष्ट,
शिलाईचे टाके मोजावेत इतका.
कुणी सांगितलं म्हणून पिकून काळं पडलेलं केळं
ताटलीत ठेवलं. मुंग्या आल्या.
मुंग्यांचे फोटो बरे आलेत.

शालन हे सगळं बघत होती.
कढीलिंबावरच्या हिरव्या अळ्या
ती आधी काडीने काढून कोंबड्यांपुढे टाकायची,
आता उचलून हुस्नाबींच्या ईडलिंबावर ठेवते,
हुस्नाबींना न सांगता.
एवढाच तिचा पाठिंबा.

परवा वैतागून पायरीवर बसलो. "एक धड येईना."
ती विळीवर बांगडे साफ करत होती,
वर न बघता म्हणाली,
"कंची? ती निली? ती रोज हितं येते की.
मासलीचं पानी ओतलं की मागीलदारी.
धा-धा मिन्टं बसते."
"आणि हे तू आज सांगतेस?"
"तुमी इचारलंत कवा?"

नाव राणी, पण चिखलातलं मीठ चोखायला येतो
तो नर, हे नंतर कळलं.
फुलांशी त्याचं काम मिनिटाचं,
खरी तहान इथे,
खवल्यांत, गुलाबी पाण्यात, दगडाच्या खोबणीत.
आणि मी सहा आठवडे पुढच्या अंगणात
मोगऱ्याकडे तोंड करून बसलेला,
धक्क्यावर जन्म काढलेला माणूस,
मासळीचा वास विसरलेला.

काल तिने पाणी ओतलं. आम्ही दोघं उकिडवे.
तो आला.
ओलीच्या कडेला उतरला, सोंड सोडली,
आणि खरंच, पंख थांबवले.
मग उडून सरळ तिच्या मनगटावर,
खवल्यांनी चमकणाऱ्या,
काकणाच्या जरा वर.
ती श्वास घेईना.
मी बटण दाबलं. एकदाच.

रात्री टीव्हीला जोडून मोठा करून पाहिला.
मनगटापाशी निळी-काळी वाफ.
कॅमेऱ्याने नेम धरला होता ताटातल्या बांगड्यावर:
त्याचा डोळा काठोकाठ स्वच्छ,
त्यात पोफळी, त्यात आभाळाचं एक नाणं,
आणि तळाशी, बोटाच्या पेराएवढाही नाही,
उकिडवा मी.

मी रिमोट शोधू लागलो.
शालन पुढे वाकून नीट बघत राहिली.
"डोला बगा कसा चकाकतो.
म्हटलं नवतं, हुस्नाबीचा नासीर
ताजीच देतो?"